‘उलट्या काय, आम्हालाही झाल्या’

प्रश्न : डॉक्टर, माझी सून साडेदहा आठवड्यांची गरोदर आहे. पहिलीच वेळ. सहाव्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या त्या थांबायचं नाव घेत नाहीत. दिवसाला दहा-बारा तरी होतात, दिवसभर मळमळ असते, आता तर पाणीही पोटात ठरत नाही. वजन ५८ किलोवरून ५३ वर आलं आहे. मलाही दोन्ही वेळेला उलट्या झाल्या होत्या, पण उलटी झाली की तोंड धुऊन मी पुन्हा कामाला लागत असे. म्हणून सुरुवातीला मी तिला म्हटलं, पडून राहू नकोस, उठ, हिंड-फिर, मन रमव. ते तिला लागलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, पण पहिल्या तीन महिन्यांत औषध नको असं मीच म्हटलं. तिलाही भीती वाटते. पाकीट तसंच पडून आहे. एकदा सलाईन लावून आणलं. दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. मुलगा माझ्याशी धड बोलत नाही. परवा रात्री ती मला म्हणाली, “आई, मला हे बाळ नको. मला फक्त हे थांबायला हवंय.” मला काही बोलताच आलं नाही. तेव्हापासून ती खोलीचं दार लावून पडून असते. स्वयंपाकाच्या वासानं त्रास होतो म्हणते. मनातून बाळ नको असेल तर अशा उलट्या होतात का? माझं काय चुकतंय?
– एक सासू

उत्तर :

ताई, बाकीचं नंतर वाचा. आधी सुनेला तिच्या डॉक्टरांकडे न्या, आणि ते भेटत नसतील तर प्रसूती विभाग असलेल्या जवळच्या रुग्णालयात. उद्या सकाळी नाही, आज. पत्रातून कुणाला तपासता येत नाही, पण तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी पुरेशा आहेत. पाणी पोटात ठरत नाही, ही एक. दुसरी म्हणजे वजन. ५८ किलोंची बाई साडेचार आठवड्यांत ५३ वर आली म्हणजे साडेआठ टक्के वजन गेलं. गरोदरपणाआधीच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त घट झाली की आम्ही डॉक्टर मंडळी ‘होतं असं’ म्हणणं सोडून देतो. तुमची सून ती रेघ केव्हाच ओलांडून गेली आहे.

निघण्यापूर्वी तिला एवढंच विचारा की शेवटची लघवी केव्हा झाली आणि तिचा रंग कसा होता. आठ-दहा तासांत झालीच नसेल, किंवा गडद पिवळी-तपकिरी झाली असेल, तर ते तिथे गेल्या गेल्या सांगा. उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का, उलटीत रक्त दिसलं का, पोटात दुखतंय का, ताप आहे का, लघवीला जळजळ होते का, हेही सांगा. न फोडलेलं गोळ्यांचं पाकीट बरोबर न्या. लपवू नका. ‘औषध दिलं होतं, तरी आराम नाही’ असा तिथे समज झाला तर पुढचं सगळं गणित चुकेल.

तिथे काय व्हावं हे तुम्हाला ठाऊक असलेलं बरं. रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, मूत्रपिंड आणि यकृत तपासतील. लघवीत जंतुसंसर्ग आहे का ते पाहतील. सोनोग्राफी झाली नसेल तर करतील, कारण जुळी असली किंवा द्राक्षगर्भ असला, म्हणजे गर्भाऐवजी वारेचीच द्राक्षांच्या घडासारखी वाढ झाली असली, तर उलट्या जास्त होतात. थायरॉइडचा आकडा थोडा वर दिसला तरी घाबरू नका. गरोदरपणातलं एचसीजी हे संप्रेरक थायरॉइडलाही डिवचतं, आणि बहुतेक वेळा ते आपोआप खाली येतं. आणखी एक. उपाशी शरीर चरबी जाळू लागलं की लघवीत कीटोन नावाचे पदार्थ उतरतात. ‘लघवीत कीटोन नाहीत, म्हणजे फारसं काही नाही’ असं कुणी म्हणालं तर ते मान्य करू नका. शरीरातलं पाणी किती आटलंय हे कीटोनवरून ठरत नाही. ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ते स्पष्टच लिहिलं आहे. तरी जुनी सवय जाता जात नाही.

मग सलाईन लागेल, बहुधा पोटॅशियम घालून. इथे एक प्रश्न तुम्ही आवर्जून विचारा, “बी-१ दिलंत का?” बी-१ म्हणजे थायमिन. आठवडेच्या आठवडे अन्न पोटात टिकलं नाही की शरीरातला त्याचा साठा संपतो. अशा वेळी थायमिन न देता थेट ग्लुकोजची बाटली लावली तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. डोळ्यांना एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ होणं ही त्याची लक्षणं. हा प्रकार विरळा आहे, पण झाला तर झालेलं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही, आणि टाळायला मात्र अगदी सोपा आहे. डॉक्टरांना हे माहीत असतंच. पण गर्दीच्या वॉर्डात ‘हिच्या पोटात महिनाभर काही टिकलेलं नाही’ ही माहिती देणारं माणूस तुम्हीच आहात. तसंच, शरीर कोरडं पडलेलं, त्यात गरोदरपण, त्यात दिवसभर अंथरुणात, अशा तीन गोष्टी एकत्र आल्या की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दाखल करून घेतलं आणि पोटात रोज एक छोटं इंजेक्शन देऊ लागले तर ते त्यासाठी असतं. एकच पोटरी सुजली, दुखू लागली किंवा दम लागला तर ताबडतोब सांगायचं.

जाऊन आलात, की पुढचं वाचा.

तुम्हाला उलट्या झाल्या होत्या आणि तुम्ही कामं केलीत, यात मला काडीचीही शंका नाही. गरोदर बायकांपैकी दहात सात-आठ जणींना मळमळ किंवा उलट्या होतात. त्यांतल्या बऱ्याच जणींना फार त्रास होतो, आणि त्यांनी तो काढला याचं श्रेय त्यांना कुणी देत नाही, तुम्हालाही दिलं नसणार. पण सुनेला झालंय ते तुमचंच थोडं वाढवलेलं रूप आहे असं समजू नका. शंभरात फार तर तीन बायकांना होणारा हा वेगळा आजार आहे. हायपरएमेसिस ग्रॅव्हिडारम असं त्याचं नाव आहे. हे लांबलचक नाव मी मुद्दाम देते आहे, कारण घरात नातेवाइकांचे फोन येतील तेव्हा ‘तिला उलट्या होतायत’ म्हटलं की समोरून दहा उपाय येतात आणि ‘तिला हायपरएमेसिस आहे, सलाईन चालू आहे’ म्हटलं की लोक गप्प बसतात.

फरक मोजताही येतो. तीन प्रश्नांचं एक साधं मोजमाप डॉक्टर वापरतात. गेल्या चोवीस तासांत किती तास मळमळ होती, किती वेळा उलटी झाली, आणि किती वेळा नुसत्याच कोरड्या उमाळ्या आल्या. प्रत्येकाला एक ते पाच गुण. सहा तासांहून जास्त मळमळ असेल तर पाच, उलट्या सात किंवा जास्त असतील तर पाच, कोरड्या उमाळ्यांचंही तसंच. बेरीज सहापर्यंत असेल तर सौम्य, सात ते बारा मध्यम, तेरा किंवा वर गेली की तीव्र. तुमच्या पत्रातल्या उलट्या आणि मळमळ यांवरच दहा गुण झाले; तिसऱ्याचे तुम्ही तिला विचारून घाला. मग स्वतःचे दिवस आठवून तुमचेही काढून पाहा. तुम्ही कामं करू शकलात ते तुमच्या चिवटपणामुळे, हे खरं. पण पोटात काहीतरी टिकत होतं म्हणूनही.

हिंडण्या-फिरण्याबद्दलही बोलू, कारण हा सल्ला तिला अजून दहा जण देतील. ब्रिटनच्या राजघराण्यातल्या केट यांना डिसेंबर २०१२ मध्ये याच आजारासाठी रुग्णालयात दाखल करावं लागलं होतं आणि पुढे दोन्ही बाळंतपणांत हा आजार पुन्हा झाला. हाताशी नोकरचाकर, फिरायला बागा, मन रमवायला काय हवं ते. तरी उलट्या थांबल्या नाहीत. या आजारात हालचाल केली की मळमळ बहुधा वाढते. मान वळवली, गाडी वळली, डोळ्यांपुढून काही सरकलं, एवढंही पुरतं. ती पडून राहते कारण त्या एका स्थितीत तिला थोडं कमी वाईट वाटतं.

आता तुमचा मधला प्रश्न. मनातून बाळ नको असेल तर अशा उलट्या होतात का? नाही.

या प्रश्नाबद्दल तुम्हाला दोष देणार नाही, कारण तो मुळात आमच्याच धंद्यातून आलाय. विसाव्या शतकात मानसशास्त्राच्या आणि वैद्यकाच्या पुस्तकांत असं छापून येत असे की बाईच्या मनात गर्भाबद्दल नकार असतो आणि शरीर तो उलटीतून बाहेर टाकतं. त्या समजुतीपायी किती बायकांना धड उपचार मिळाले नाहीत याची कुणी नोंद ठेवलेली नाही. आता कारण बऱ्यापैकी कळलंय. वार, म्हणजे ज्यातून बाळाला पोषण मिळतं ती नाळेची गादी, जीडीएफ-१५ नावाचं एक संप्रेरक रक्तात सोडते. मेंदूच्या मागच्या भागात उलटीच्या केंद्राजवळ त्याला ओळखणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. ज्या बाईच्या रक्तात गरोदरपणाआधी हे संप्रेरक अगदी कमी होतं तिच्या मेंदूला त्याची सवय नसते, आणि वारेतून ते एकदम भसाभस येऊ लागलं की तो हादरतो. उलट बीटा थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या बायकांच्या रक्तात ते आयुष्यभर जास्तच असतं, आणि त्यांना गरोदरपणात मळमळ फारच कमी होते. हे संशोधन डिसेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलं. त्यामागच्या प्रमुख संशोधकांपैकी एक, मार्लेना फेझो, यांना १९९९ मध्ये स्वतःला हा आजार इतका तीव्र झाला होता की त्यांचा गर्भ गेला. त्यानंतर त्यांनी याचाच पाठपुरावा केला, आणि २०१८ मध्ये त्यांच्या गटाला या आजाराचा धागा ज्या जनुकांत सापडला त्यांत जीडीएफ-१५ चं जनुकही होतं.

यात आनुवंशिकता आहे, म्हणून तिच्या आईला फोन करून विचारा. आईला हा आजार झाला असेल तर लेकीला तो होण्याची शक्यता साधारण तिप्पट असते. बऱ्याचदा आईनं ते कधी बोललेलंच नसतं.

तेव्हा क्रम उलटा आहे, ताई. बाळ नको म्हणून उलट्या होत नाहीयेत. महिनाभर दिवसाला बारा उलट्या झाल्या, म्हणून तोंडातून ‘बाळ नको’ निघालं.

आता ते पडून असलेलं पाकीट. पहिल्या तीन महिन्यांत औषध नको, ही भीती अडाणीपणाची नाही. तिला एक खरा आणि भयंकर इतिहास आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड बाजारात आलं. झोपेसाठी म्हणून आणि गरोदर बायकांच्या मळमळीवरही ते दिलं गेलं. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेईपर्यंत अनेक देशांत मिळून दहा हजारांहून जास्त मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली होती. त्यानंतर जगभरच्या बायकांनी आणि डॉक्टरांनी ठरवून टाकलं की गरोदरपणात सोसावं, गोळी घेऊ नये.

पण या गोष्टीचा दुसरा भाग कुणी सांगत नाही. डॉक्सिलामिन आणि पायरिडॉक्सिन, म्हणजे एक जुनं ॲलर्जीविरोधी औषध आणि बी-६ जीवनसत्त्व, यांची एकत्र गोळी अमेरिकेत ‘बेंडेक्टिन’ नावाने लाखो गरोदर बायका घेत होत्या. थॅलिडोमाइडची धास्ती ताजी होती. मुलात व्यंग निघालं की गोळीवर बोट, आणि कंपनीवर खटला. १९८३ मध्ये कंपनीने वैतागून ती बाजारातून काढून घेतली. पुढे काय झालं? गोळी गेल्यावर व्यंग असलेल्या बाळांचं प्रमाण कमी झालं नाही. मात्र उलट्यांसाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढलं. अभ्यासांमागून अभ्यास झाले, गोळीचा दोष सापडला नाही, आणि २०१३ मध्ये तेच मिश्रण अमेरिकेच्या औषध नियामकाने पुन्हा मंजूर केलं. मधली तीस वर्षं तिथल्या बायकांनी विनाकारण सोसली.

औषध न घेणं म्हणजे काहीच न करणं, असं आपल्याला वाटतं. तुमच्या घरात त्याचे परिणाम काट्यावर दिसतायत. आईच्या शरीरात पाणी नाही, पोटॅशियम घसरतंय, वजन जातंय, हे त्या ‘सुरक्षित’ निर्णयाचे दुष्परिणाम आहेत. डॉक्टरांनी तुमच्या सुनेला नेमकं काय लिहून दिलंय मला ठाऊक नाही. बहुतेक वेळा सुरुवात याच डॉक्सिलामिन-पायरिडॉक्सिनने किंवा त्याच जातीच्या दुसऱ्या औषधाने होते, आणि त्यांचा अनुभव कित्येक दशकांचा आहे. तेवढ्याने भागलं नाही तर पुढची औषधं आहेत. मेटोक्लोप्रामाइड सहसा पाच दिवसांपेक्षा जास्त देत नाहीत. त्याने मान किंवा जबडा वाकडा व्हायला लागला, डोळे वर फिरले, तर लगेच थांबवून कळवायचं. ओन्डान्सेट्रॉन अनेकींना चांगलं लागू पडतं. त्याबद्दल नेटवर वाचून तुमचा मुलगा घाबरेल, म्हणून आकडा देते. पहिल्या तीन महिन्यांत ते घेतलेल्यांमध्ये ओठ किंवा टाळू दुभंगलेल्या बाळांचं प्रमाण दर दहा हजारांत अकराऐवजी चौदा दिसलं. म्हणजे तीन जास्त. हा आकडा डॉक्टरांसमोर ठेवून सुनेनं स्वतः ठरवावं. त्याने बद्धकोष्ठ मात्र बऱ्याचदा होतं, त्याची सोय आधीच मागून घ्या. कशानेच आराम पडला नाही तर स्टिरॉइड असतात, पण ती शेवटची पायरी.

गोळ्या कशा घ्यायच्या यातही गंमत आहे. बरेच जण उलटी सुरू झाली की गोळी शोधतात. ती उलटीबरोबर बाहेर जाते आणि मग ‘औषधाचा उपयोग नाही’ असं ठरतं. या गोळ्या घड्याळ लावून, उलटी नसतानाही घ्यायच्या असतात. गोळी टिकतच नसेल तर जिभेवर विरघळणारी, गुदद्वारातून द्यायची किंवा इंजेक्शन असे प्रकार मागता येतात. आणि सलाईनने दोनच दिवस बरं का वाटलं, त्याचंही उत्तर इथेच आहे. सलाईनने पाणी भरतं, उलटी थांबत नाही. औषध न घेता नुसतं सलाईन लावत राहणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी ओतणं. दोन्ही बरोबर चालायला हवं. गरज पडली तर आठवड्यातून काही दिवस सकाळी जाऊन सलाईन घ्यायचं आणि संध्याकाळी घरी यायचं, अशी सोय अनेक ठिकाणी करतात, विचारून घ्या.

लोहाची गोळी चालू असेल तर ती मळमळ वाढवते. काही आठवडे ती थांबवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. फॉलिक ॲसिड मात्र टिकेल तेव्हा, टिकेल तसं चालू ठेवायचं.

आता तुमचं स्वयंपाकघर. वासानं त्रास होतो हे ती खरं सांगतेय. या आजारात नाक इतकं तिखट होतं की बंद दारातूनही तिला फोडणी कळते, साबण कळतो, नवऱ्याच्या अंगाचा वास कळतो. तिनं दार लावलं ते वासाला लावलं असेल. तुम्हाला लावलंय असं धरून बसू नका. शिजवण्याचं काम ती झोपलेली असताना उरकता आलं, खिडक्या उघड्या ठेवता आल्या, काही दिवस घरात उग्र वासाचं काही केलंच नाही, तर तिला खरोखर हलकं वाटेल. थंड पदार्थाला वास कमी येतो, म्हणून गरमपेक्षा थंड बरं.

तिनं काय खावं यावर आत्ता डोकं लढवू नका. पौष्टिक वगैरे सगळं पुढे. सध्या जे आत राहील ते चांगलं, मग ते रोज एकच एक का असेना, आणि तुमच्या मते ते खाणं नसलं तरी. ‘काय खाशील?’ हा प्रश्नही विचारू नका. त्याचं उत्तर द्यायला तिला दहा पदार्थ डोळ्यांपुढे आणावे लागतात, आणि तिसऱ्यालाच पोट ढवळतं. थोडंसं काही शेजारी ठेवून निघून यायचं. उरलं तर काही न बोलता उचलायचं. पाणी एका दमात प्यायला लावू नका. चमचा-चमचा, घोट-घोट, जमलं तर बर्फाचा खडा चोखायला. खाणं आणि पाणी यांत अर्धा तास अंतर ठेवलं तर काहींना बरं पडतं. तोंडाला सारखी लाळ सुटत असेल तर ती गिळायची सक्ती नको, थुंकायला भांडं द्या. उलटी झाल्या झाल्या दात घासू देऊ नका, आम्लाने दातांचा वरचा थर मऊ झालेला असतो. साध्या पाण्याने चूळ भरायची आणि अर्ध्या तासाने ब्रश.

आणि आलं. आल्याबद्दल तिला काही सांगू नका, ही विनंती. सौम्य मळमळीत त्याचा थोडाफार उपयोग होतो हे खरं आहे. पण या आजारातल्या प्रत्येक बाईला ‘आलं घेऊन बघितलंस का?’ असं भेटणाऱ्या प्रत्येकाने विचारलेलं असतं, आणि आलं परत वर येताना घसा जाळत येतं.

आता तो प्रश्न, जो तुम्ही विचारलाच नाहीत. तिनं ‘बाळ नको’ म्हटल्यावर तुम्ही काय बोलायला हवं होतं?

पहिली गोष्ट, ती हे तुम्हाला म्हणाली. नवऱ्याला नाही, आईला फोन करून नाही. ज्या बाईनं तिला ‘उठ, हिंड-फिर’ सांगितलं त्याच बाईला तिनं रात्री हे सांगितलं. तुमच्याकडून तिला अजून काहीतरी अपेक्षा आहे, असा मी त्याचा अर्थ घेते. तुम्ही गप्प राहिलात, पण ओरडला नाहीत, रडला नाहीत, ‘असं अभद्र बोलू नये’ असं म्हणाला नाहीत. अजून काही बिघडलेलं नाही. आज तिच्याजवळ बसा आणि म्हणा, “त्या रात्री तू बोललीस ते मी ऐकलं. मला वाटलं होतं माझ्यासारखंच आहे. तसं नाही, हे मला आता कळलंय. आपण हे थांबवायचं बघू.” बस. त्याला ‘पण बाळाचा विचार कर’ ही शेपटी जोडू नका. गेला महिना ती दुसरं काही करतच नाहीये.

मग एक अवघड प्रश्न विचारावा लागेल, आणि तो सरळ शब्दांत विचारा, “तुला जगणंच नको असं वाटतं का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, अशी समजूत आहे. तसं होत नाही. उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाली, किंवा नुसतीच रडली, तर तिला एकटीला सोडू नका आणि रुग्णालयात ते लगेच सांगा. या आजारात नैराश्य येणं फार सामान्य आहे, आणि उलट्या ओसरल्यावरही काहींना त्या दिवसांची धास्ती मागे राहते. त्यावरही उपचार आहेत.

हवंहवंसं वाटणारं बाळसुद्धा या आजारापायी पाडून घेणाऱ्या बायका असतात. त्यातल्या कितीतरी जणींना पुरेसं औषध कधी मिळालेलंच नव्हतं. तुमच्या सुनेनं तर पहिली गोळीही घेतलेली नाही. म्हणून माझं म्हणणं, आधी नीट उपचार होऊ द्या, चार दिवस अन्न पोटात राहू द्या, अंगात बोलण्याइतकं बळ येऊ द्या. त्यानंतरही तिचा विचार तोच राहिला तर ते तिनं डॉक्टरांशी एकटीनं बोलावं. तो निर्णय तिचा आहे. तुमचा नाही, माझाही नाही, आणि तिला आत्ता तुम्ही नको असं वाटलं तर खोलीबाहेर थांबायची तयारी ठेवा.

मुलाचं म्हणाल तर तो घाबरलाय. घाबरलेले पुरुष बहुधा आईवर चिडतात, कारण तिथे चिडणं परवडतं. त्याच्याशी या विषयावर चर्चा करत बसण्यापेक्षा त्याला कामं वाटून द्या. रोज सकाळी त्याच काट्यावर वजन, किती वेळा उलटी, किती घोट पाणी, लघवी किती वेळा, गोळी किती वाजता, हे एका वहीत लिहिणं त्याच्याकडे. ही वही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली की ‘अजून त्रास होतोय’ या वाक्यापेक्षा दसपट काम करते. आणि पुन्हा कुणी ‘सगळ्यांनाच होतं’ म्हणून घरी पाठवू लागलं तर ती वही उघडून वजनावर बोट ठेवायचं काम तुमच्याकडे. एक वयस्क बाई ठामपणे ‘हे नेहमीचं नाही’ म्हणते तेव्हा लोक ऐकतात. तुमच्या अनुभवाचा असा उपयोग आहे.

किती दिवस चालेल? त्रासाची कमाल साधारण नवव्या-दहाव्या आठवड्याच्या आसपास असते आणि बहुतेकींना सोळा ते वीस आठवड्यांत बराच उतार पडतो. थोड्या जणींना शेवटपर्यंत त्रास राहतो. ‘तीन महिने झाले की थांबेल’ अशी तारीख तिला देऊ नका. तो दिवस उलटी करत गेला तर ती खचेल. बाळाबद्दल मात्र बरीच खात्री देता येते. आईवर नीट उपचार झाले तर बहुतेक बाळं धडधाकट जन्मतात. आईचं वजन शेवटपर्यंत भरलंच नाही तर बाळ लहान भरण्याची किंवा लवकर येण्याची शक्यता काहीशी वाढते, म्हणून पुढे वाढीसाठी एक-दोन सोनोग्राफी जास्त सांगतील. विसाव्या आठवड्यानंतर मात्र उलट्यांबरोबर जोरात डोकं दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं, किंवा बरगड्यांखाली दुखलं, तर ते या आजाराच्या खात्यात टाकू नका; रक्तदाब तपासायला त्याच दिवशी न्या.

आणि कधीतरी दुसऱ्या बाळाचा विषय निघेल. तो तुम्ही काढू नका. तिनं काढलाच तर सांगा की पुढच्या खेपेला हा आजार पुन्हा होण्याची शक्यता चांगलीच असते, आणि म्हणून दिवस जाण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटायचं. कोणतं औषध लागू पडलं ते या खेपेच्या वहीतून दाखवायचं, म्हणजे चाचणी होकारार्थी आली की मळमळीची वाट न बघता ते सुरू करता येतं.